हनुवटीखालचा खर्ज

वहिनींना त्यांच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. लग्न होऊन आल्या तेव्हा धाकट्या दिरानं वहिनी म्हटलं. त्याचं ऐकून बँडमधले सगळे म्हणायला लागले, मग दुकानात कपडे टाकायला येणारी गिऱ्हाइकं, आणि पुढे पुढे तर नवरासुद्धा चारचौघांत "ते वहिनींना विचारा" म्हणायचा. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. बँड त्यांचा, दुकान त्यांच्या वडिलांचं. खाली कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आणि वर दोन खोल्या. इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची, त्यामुळे त्या घरात थंडी कधी वाजली नाही आणि भिंतीला लावलेला कागद कधी टिकला नाही.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. एके दिवशी लेक दुकानातून जिना चढून वर आला तो हसतच.

"आई, संग्रहालयातून फोन होता. गावातल्या जुन्या बँडांचं दालन उघडतायत. बाबांची घुमी हवीय त्यांना! काचेच्या कपाटात ठेवणार, वरून दिवा सोडणार, खाली पाटी. मास्तरांची बेस गिटार."

वहिनी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तुटलेली बटणं लावत बसल्या होत्या. दुकान लेकाकडे गेलं तरी बटणं त्यांच्याकडेच राहिली होती. दोरा दातानं तोडून त्या म्हणाल्या, "घुमी बाबांची नाही."

"म्हणजे?"

"विकत त्यांनी घेतली. वाजवली मी."

"तू घरात वाजवायचीस, ते माहितेय गं मला."

"रेकॉर्डवरही मीच वाजवलीय."

लेक खाली बसला. रेकॉर्ड म्हणजे कुठली, हे विचारायची गरज नव्हती. बँडच्या रेकॉर्डी तीन-चार निघाल्या, पण लोकांच्या तोंडी एकच राहिली. लोक अजून लग्नाकार्यात ती लावायचे, आणि गाणारा कोण होता हे विसरलेली माणसंही त्यातला बेस तोंडानं म्हणून दाखवायची. डुम, डुम-डुम, आणि मग तो खाली घसरत जाणारा सूर. बेस वाजवणाऱ्याचं नाव लोकांना सहसा माहीत नसतं. मास्तरांचं सगळ्यांना माहीत होतं.

"आई," लेक हळूच म्हणाला, "हे तू आत्ता सांगतेयस?"

"आत्ता पाटी लागतेय म्हणून."

घुमी हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. मास्तरांनी ती गिटार आणली तेव्हा घरात तिचं कौतुक कमी आणि तपासणीच जास्त झाली. मधाच्या रंगाची, आखूड मानेची, पोटावर दोन्हीकडे व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं. मधोमध मानेपासून खालपर्यंत भरीव लाकडाचा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पोकळी. सासूबाईंनी बोटानं टिचकी मारून पाहिली, डाव्या-उजव्या कुशीला आणि मग मध्ये, जशी कलिंगडाला मारतात. म्हणाल्या, "अर्धी भरीव नि अर्धी पोकळ. ठरवता आलं नाही वाटतं करणाऱ्याला?" मास्तरांनी वीज न लावताच तार छेडली, तेव्हा ती आतल्या आत गुणगुणली. बाहेर ऐकू येईल न येईल इतकंच. "ही तर घुमी," सासूबाई म्हणाल्या. "एक घुमी सून होतीच घरात, तिला आता जोडीदारीण झाली."

तेच गुणगुणणं वहिनींच्या कामी आलं. मास्तर दिवसा डेपोत कारकुनी करायचे, शनिवार-रविवार हॉलमध्ये बँड. बाकीचे दिवस घुमी खाटेखाली पडून असायची. भरीव गिटार असती तर विजेवाचून ती मुकीच. आणि नुसती पोकळ असती तर सासूबाईंची दुपारची झोप मोडली असती. घुमीचं बरं होतं. पोराला थोपटून झालं, खाली कपड्यांचा ढीग संपला, की वहिनी तिला मांडीवर घ्यायच्या आणि वरच्या कडेवर हनुवटी टेकवायच्या. तार छेडली की सूर कानानं नाही, जबड्यानं ऐकू यायचा. दाढांतून वर कानामागे जायचा आणि डोक्याच्या आत मोठा व्हायचा. शेजारी बसलेल्याला वाटावं बाई गिटारीवर डोकं टेकून पेंगतेय. आत मात्र अख्खा हॉल भरलेला.

शिकवलं कुणी नाही. मास्तर घरी सराव करायचे तो ऐकूनच शिकल्या, आणि मास्तर चुकायचे कुठे तेही ऐकूनच कळलं. मास्तरांचा हात जड होता. त्यांना सगळं मोठ्यानं हवं असायचं. बोटांनी ओरबाडायचे. वहिनी अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवायच्या, मानेच्या जवळ, आणि तळहाताची कड तारांवर हलकीच ठेवून. जोरात वाजवायची सोयच नव्हती, सासूबाई उठल्या असत्या ना.

हे सगळं घरात फक्त एकाला माहीत होतं, धाकट्या दिराला. वहिनी त्याला भाऊजी म्हणायच्या. भाऊजी बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ड्रम वाजवणारा आणि बेस वाजवणारा म्हणजे एका जोखडाला जुंपलेले दोघे, एकानं पाय उचलला की दुसऱ्याला कळायला हवं. तो दुपारी वर यायचा, खुर्चीवर उलटा बसायचा, मांडीवर ठेका धरायचा आणि म्हणायचा, "चला वहिनी, दादाला येत नाही ते वाजवू."

"गप्प बसा. ऐकतील ते."

"ऐकलं असतं तर आलं असतं."

असे हसायचे दोघे. वहिनींच्या आयुष्यातलं चांगलं हसणं म्हणजे बहुतेक तेच.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वहिनी तिकडे गेल्या त्या सूट पोचवायला. दुपारी सगळ्यांचा फोटो काढायचा होता आणि सूट त्यांनी सकाळीच इस्त्री केलेले. एका जुन्या गोदामाला आतून घोंगड्या लावून ती रेकॉर्डिंगची खोली केलेली होती. आत गेल्या तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. मास्तर हॉलमधल्यासारखे स्पीकरसमोर छाती काढून उभे होते आणि घुमी भोंग्यासारखी ओरडत होती. पोकळ पोटाची गिटार मोठ्या स्पीकरपुढे धरली की तिचाच आवाज तिच्या पोटात शिरतो आणि वाढत जातो. मग ती कुणाचं ऐकत नाही. रेकॉर्डिंगवाल्यानं आवाज कमी केला, तर मास्तरांचा ताल सुटला. त्यांना तालाची नाही, आवाजाची सवय होती. सकाळपासून तेच चाललेलं. शेवटी रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "साहेब, बाहेर जाऊन जरा मोकळी हवा घ्या. तोवर मी ड्रमचा माइक बघतो."

मास्तर बाहेर गेले. भाऊजी म्हणाला, "वहिनी, जरा धरा ती. नुसता ड्रम वाजवला की मला वेड्यासारखं वाटतं."

वहिनींनी सूट खुर्चीच्या पाठीवर नीट पसरले, स्टुलावर बसल्या, स्पीकरकडे पाठ केली आणि सवयीनं हनुवटी टेकली. बाकीच्यांनी गंमत म्हणून साथ धरली. गाणाराही गायला. दुसऱ्या कडव्याला वळायचं तेव्हा भाऊजी नेहमीसारख्या भुवया उडवणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वर पाहिलं, कानातला लोंबता डूल घुमीच्या अंगावर आपटला, टक्. त्या हसल्या आणि पुढे वाजवत राहिल्या.

गाणं संपलं तेव्हा काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला उभा राहिलेला होता. तो म्हणाला, "हे आलं." त्यानं यंत्र चालूच ठेवलं होतं.

मास्तर आत आले. त्याला म्हणाले, ऐकव. संपूर्ण ऐकलं. वहिनींकडे बघितलं नाही. म्हणाले, "छान झालंय. चला, फोटो काढून घेऊ."

रेकॉर्डच्या वेष्टनावर मास्तर आहेत, कडक इस्त्रीचा सूट, हातात घुमी. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

वहिनींनी पहिले काही दिवस वाट पाहिली. वाटायचं, घरी तरी म्हणतील. जेवताना म्हणतील, नाहीतर दिवा मालवल्यावर. लोकांसमोर नकोच होतं त्यांना. एकदा नुसतं "तुझं बरं झालं हं" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मास्तर काहीच म्हणाले नाहीत, आणि ते न म्हणणं हळूहळू दही लागावं तसं घट्ट झालं. गाणं गाजलं. रेडिओवर मुलाखत झाली. विचारणाऱ्यानं विचारलं, दुसऱ्या कडव्याआधी तो टक् आवाज येतो तो कसला? मास्तर म्हणाले, "माझी अंगठी. ते मी मुद्दाम केलं." वहिनी खाली पँटला चुणी घालत होत्या. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली गेली. त्या गिऱ्हाइकाला नवी पँट शिवून द्यावी लागली.

मग बँडला मोठे हॉल मिळायला लागले, मोठे स्पीकर आले आणि घुमी प्रत्येक कार्यक्रमात ओरडायला लागली. एका दुपारी वहिनींनी ती खाटेखालून काढली, हनुवटी टेकवली, तार छेडली, आणि काहीच ऐकू आलं नाही. उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज. भोकातून बघितलं तर आत चिंध्या ठासून भरलेल्या.

"हे काय कोंबलंय आत?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"दुकानातले बेवारशी कपडे. कुणी न्यायला आलं नाही ते." मास्तर खूश होते. "आता ओरडत नाही बघ. फुकटात काम झालं."

"मला ऐकू येत नाही आता."

मास्तरांनी खरोखर न कळल्यासारखं बघितलं. "तुला कशाला ऐकू यायला हवं?"

त्यानंतर वहिनींनी घुमी मांडीवर घेतली नाही. मास्तर गेल्यावर लेकानं ती पेटीत घालून कपाटावर ठेवली. चिंध्या त्यांना केव्हाही काढता आल्या असत्या. पण ज्यानं कोंबल्या त्यानंच काढाव्यात असा एक हट्ट मनात बसला होता, आणि मग तो माणूसच राहिला नाही. हट्ट तेवढा राहिला.

एवढं सगळं लेकाला सांगून झालं तेव्हा तो एका बटणाशी खेळत होता.

"आई, खोटं बोलतेस असं नाही म्हणत मी. पण बाबा गेलेत. त्यांच्यामागे असं काही काढलं तर लोक तुला नावं ठेवतील. म्हणतील, म्हातारपणी काहीतरी सुचतंय."

"मग काकांना विचार. ते शेजारीच होते."

लेकानं विचार केला. तो वाईट मुलगा नव्हता. बापाच्या नावावर वाढलेला होता एवढंच. "ठीक आहे. संग्रहालयाच्या बाई येतील त्या दिवशी काकांनाही बोलावतो. ते हो म्हणाले तर पाटीवर तुझं नाव मी स्वतः घालून घेईन. नाही म्हणाले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"भाऊजी नाही कशाला म्हणतील?" वहिनींना हसू आलं.

त्या दिवशी भाऊजी दुपारीच आले, बाईंच्या आधी. आता तेही म्हातारे, काठी टेकत. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून ओरडले, "वहिनी! हा जिना वाढवलात की काय?"

"तुम्हीच आखडलात. या, हळू या."

वर आले, खुर्चीत बसले, उलटे नव्हे, आता सरळ. वहिनींनी चहा दिला. भाऊजींनी बशीत ओतून फुंकर मारली. घरात त्यांचं सगळं तसंच होतं. वहिनींची सून तोंडावर पदर धरून हसली, तर म्हणाले, "हस, हस. तुझी सासू माझ्या या फुंकरीवर ताल धरायची."

सून खाली दुकानात गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आज विचारतील. रेकॉर्डचं."

भाऊजींनी बशी खाली ठेवली.

"दुसरं काही नको मला. जे झालं ते सांगा, बस."

"अहो वहिनी," ते म्हणाले, "तुमच्याशिवाय मी कुणाच्या जिवावर वाजवलंय?"

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या आत जाऊन केस विंचरून आल्या.

संग्रहालयाच्या बाई तरुण होत्या, नम्र होत्या, हातात पांढरे मोजे घालून आल्या. लेकानं पेटी उघडली. बाईंनी घुमीला असं उचललं की जणू नवजात पोर. उलटंसुलटं केलं, भोकातून छोटी बॅटरी मारली. "आत काहीतरी आहे. काढलं तर चालेल? कापडात ओल धरते, लाकूड खराब होईल." लांब चिमट्यानं त्या एकेक ओढायला लागल्या. रुमाल. सदऱ्याची बाही. लहान मुलाचा एकच मोजा. पुन्हा रुमाल, कोपऱ्याला दुकानाची खुणेची चिंधी तशीच शिवलेली.

"हा डॉक्टरांचा," वहिनी म्हणाल्या. "हरवला म्हणून केवढं बोलले होते मला ते. म्हणाले, दुकान आहे की चोरबाजार?"

सगळे हसले. भाऊजी सर्वांत जास्त हसले. टेबलावर चिंध्यांची रास झाली.

"धरू का जरा?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी कौतुकानं घुमी त्यांच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी हनुवटी टेकवली. अंगठा तारेवर ठेवला. इतकी वर्षं इस्त्री दाबून त्या अंगठ्याचं मूळ पार झिजलेलं, सकाळी बरणीचं झाकणही उघडायचं नाही. त्यांनी जाड तार छेडली.

आला. दाढांतून, कानामागून वर चढला. तारा जुन्या होत्या, सूर उतरलेला होता, पण आवाज तोच होता. त्यांचे डोळे मिटले. डुम, डुम-डुम, आणि घसरत खाली जाताना अंगठा अडकला, कळ मनगटापर्यंत गेली, आणि सूर मध्येच तुटला.

"किती गोड!" संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "मास्तरांचं ऐकून ऐकून बसलेलं दिसतंय तुमच्या हातात."

वहिनींनी डोळे उघडले. लेकाकडे पाहिलं. लेकानं घसा खाकरला.

"त्याबद्दल जरा विचारायचं होतं. आईचं म्हणणं आहे की त्या गाण्यात... म्हणजे रेकॉर्डवर बेस आईनं वाजवलीय."

"हो?" बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांना यात रस होता, खोटा नव्हता. त्यांनी फोनवर गाणं लावलं आणि दुसऱ्या कडव्याआधी थांबवलं. "हा आवाज. मास्तरांच्या अंगठीचा. यावर आमच्याकडे लोक तासन् तास बोलतात."

"तो माझा डूल आहे," वहिनी म्हणाल्या. "हनुवटी टेकून वाजवत होते. भाऊजींकडे बघायला मान वर केली, तेव्हा आपटला."

खालून इस्त्रीचा फुस्स आवाज आला. बाई भाऊजींकडे वळल्या, कारण लेक वळला होता.

"काका, तुम्ही होता ना तिथं?"

भाऊजी काठीच्या मुठीकडे पाहत होते. वहिनी त्यांच्या भुवयांकडे पाहत होत्या. त्या हलल्या नाहीत.

"आता इतकी वर्षं झाली," भाऊजी म्हणाले.

"पण आठवत असेल."

"अंगठीच ती. दादाची." काठी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "बेस दादानंच वाजवली. वहिनी... वहिनी घरी छान वाजवायच्या. फार छान वाजवायच्या हं."

लेकानं सुटकेचा श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. संग्रहालयाच्या बाईंनी वहिनींच्या हातावर हात ठेवला, पांढऱ्या मोज्यासकट. आजारी माणसाच्या हातावर ठेवतात तसा. "होतं असं," त्या म्हणाल्या. "इतकं ऐकलं की आपलंच वाटायला लागतं. तुमचीही आठवण आम्हाला दालनात घ्यायचीय. तुम्ही बँडमध्ये काय करायचात?"

"इस्त्री," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी ते टिपून घेतलं.

"मग ठरलं तर," लेक पेटी पुढे सरकवत म्हणाला. "आई, दे ती."

वहिनींनी घुमी दिली नाही. हनुवटी तशीच टेकलेली, दोन्ही हात घुमीभोवती. "ही जाणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणून लेकाला आधी कळलंच नाही.

"आई, आपलं बोलणं झालं होतं."

"विषय काढायचा नाही असं झालं होतं. नाही काढत. गिटार द्यायची असं मी कधी म्हटलं?" मग त्या बाईंकडे वळल्या, अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तशा मऊपणानं. "मास्तरांचा सूट आहे, फोटोतला. तो न्या. तो त्यांनीच घातला होता, त्यात कुणाचं दुमत नाही. कपाटात लोंबतोय. मी इस्त्री करून देते, काचेत छान दिसेल."

लेकाचा चेहरा लाल झाला. "तोंडघशी पाडतेस मला."

"तू तरुण आहेस. उठशील."

बाई चांगल्या घरच्या होत्या, वाद वाढवला नाही. पुन्हा येऊ म्हणाल्या. लेक त्यांना पोचवायला खाली गेला, आणि जिन्यावर त्याचा माफी मागण्याचा सूर बराच वेळ ऐकू येत राहिला. आईची तब्येत, वय, एकटेपणा.

वर दोघंच उरली. भाऊजी उठले नाहीत. चहा निवून त्यावर साय धरलेली.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

वहिनी चिंध्यांतला मोजा सरळ करत होत्या.

"वहिनी, दादा रेडिओवर अंगठीचं बोलला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. विचारणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग वर्तमानपत्रवाल्यांपुढे डोलावली, मग त्याच्या शोकसभेत डोलावली. नातवंडांना हीच गोष्ट सांगितली. एकदा डोलावलेली मान मागे कशी घेऊ?"

"मान तुमची होती, भाऊजी. अंगठा माझा होता."

"तो मेलाय, वहिनी. मेलेल्या माणसाला आता कुठे उभा करू?"

"त्यांना कुठे उभं करायचं याचीच काळजी तुम्हा सगळ्यांना." वहिनींनी मोजा खाली ठेवला. "मी तर इथंच बसलेय."

लहानपणापासून भाऊजींचं असंच होतं, शब्द संपले की हात पुढे यायचे. त्यांनी काठी भिंतीला लावली, टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि बोटांनी ठेका धरला. त्याच गाण्याचा. बोटं म्हातारी झाली होती, पण ताल ढळला नव्हता, तो त्यांचा कधीच ढळत नसे. वहिनींकडे न बघता ते वाजवत राहिले आणि बेस जिथं शिरते तिथं आल्यावर त्यांनी मान वर केली, भुवया उडवल्या.

घुमी वहिनींच्या मांडीवर होती. पोट रिकामं होतं. त्यांचा अंगठा जाड तारेवर होता, आणि आपला सूर कुठे पडतो हे त्यांना झोपेतही कळलं असतं. ती जागा आली. त्यांनी ती जाऊ दिली.

भाऊजींनी पुन्हा फेरा घेतला. पुन्हा ती जागा आली, पुन्हा भुवया वर गेल्या, आणि या वेळी डोळ्यांत पाणीही आलं होतं. वहिनींनी ते पाहिलं. अंगठा हलवला नाही. टेबलावरचा ठेका आणखी थोडा वेळ एकटाच चालला, मग मंदावला, आणि जिथं त्याला कुणीच धरलं नाही तिथं थांबला.

"जिना उतरताना कठड्याला धरा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मधली पायरी निसरडी आहे."